आत्ता किती फूट, उद्या सकाळी किती

प्रश्न असा आला आहे: "कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल नुकतंच माझ्याकडे आलंय. फाइलमध्ये एक तक्ता आहे. त्यात प्रमुख, संपर्क अधिकारी, नियोजन, रसद असे चौकोन आणि बाण आहेत. प्रत्यक्षात प्रमुखानं काय करायचं असतं आणि आमच्यासारख्यांनी काय? पोलीस आणि अंतर्गत सुरक्षा यात कुठं बसते? आणि मी नेमकं काय शिकून घेऊ?"

तो तक्ता मला पाठ आहे. नोकरीतल्या शेवटच्या काही पावसाळ्यांत तो माझ्या टेबलावरच्या काचेखाली होता. एका पावसाळ्यात तर त्याच काचेवर चहाचे कप ठेवून आम्ही त्याच्या नेमकं उलट काम केलं. म्हणून तक्त्यापासून नको, राजाराम बंधाऱ्यापासून सुरुवात करतो.

बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेपंचावन्न फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये छप्पन्न फूट ओलांडून गेलं. पावसाचा जोर वाढला की चहाच्या गाड्यापासून केएमटीच्या बसपर्यंत सगळीकडे एकच विचारणा असते, "पाणी किती झालं?" नियंत्रण कक्षात दहा फोन आले तर त्यातले आठ याचसाठी असतात. हळूहळू अख्खं कार्यालय याच प्रश्नाला जुंपलं जातं. खरं तर आत्ता किती फूट हे सांगायला एक फळा आणि फोनवर बसलेला एक माणूस पुरतो. उद्या सकाळी सहाला किती असेल, तेव्हा कुठला रस्ता गेलेला असेल आणि त्याआधी कुणाला हलवायला हवं, हे सांगायला मात्र शांत डोक्याची चार माणसं लागतात. तुमच्या तक्त्यातले सगळे चौकोन या दुसऱ्या प्रश्नासाठी आहेत. पहिल्या प्रश्नानं ते खाऊन टाकले नाहीत म्हणजे मिळवली.

आता कायद्याचं थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी हे सदस्य. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी वेगळ्या नागरी प्राधिकरणाची तरतूद आली आहे, तीही वाचून ठेवा. पण तुमचा तक्ता या अधिनियमातला नाही. तो राष्ट्रीय प्राधिकरणानं २०१० साली काढलेल्या घटना प्रतिसाद प्रणालीच्या मार्गदर्शक सूचनांमधला आहे. त्यात जिल्ह्याला जिल्हाधिकारी 'जबाबदार अधिकारी' आणि प्रत्यक्ष जागेवर 'इन्सिडंट कमांडर', म्हणजेच तुमच्या तक्त्यातला प्रमुख; आपल्याकडे बहुधा प्रांताधिकारी किंवा तहसीलदार. कमांडरच्या शेजारी तीन जण असतात: माहिती, संपर्क आणि सुरक्षितता यांचे अधिकारी. त्याच्या हाताखाली तीन विभाग, म्हणजे कार्यवाही (प्रत्यक्ष बचावाचं काम), नियोजन आणि रसद (साहित्याचा पुरवठा).

मूळ कल्पना कॅलिफोर्नियातली, १९७० च्या दशकातली. तिथं जंगलातले वणवे विझवायला वेगवेगळी दलं यायची. प्रत्येकाचे शब्द वेगळे, वायरलेस वेगळा, आणि कुणी कुणाचं ऐकायचं हेच ठरलेलं नसायचं. आपण ती रचना घेताना एक बदल केला. अमेरिकेत हिशेब आणि वित्त हा स्वतंत्र विभाग आहे, आपल्याकडे तो रसदेच्या पोटात घातला. मला हे कधीच फारसं पटलं नाही. रसदेचा माणूस बोट शोधत असतो, त्याला पावती आठवत नाही. कलम ५० खाली निविदेविना तातडीची खरेदी करता येते, पण तसा निर्णय कागदावर घ्यावा लागतो, आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षण आलं की खिचडीचे तांदूळ कुणी, कुठून आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतले हे विचारतातच. पहिल्या दिवसापासून एक अव्वल कारकून फक्त बिलांना लावा. तक्त्यात नसला तरी लावा.

आता प्रमुखाचं काम. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

प्रमुखानं पूर येण्याआधी ठरवून ठेवायचं असतं की कितव्या फुटाला काय होईल, आणि तो फूट आला की परत चर्चेला बसायचं नसतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तुम्ही पाहिले असतील. धरण भरलं आणि पाण्याचा ठरावीक दाब आला की दरवाजा आपोआप उघडतो आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं. त्याला कुणाची सही लागत नाही, कुणाचा मोबाईल लागत नाही. हुकूमसुद्धा असाच आधी बांधून ठेवलेला असावा. शहरात सुतारवाड्यातली कुटुंबं पाणी इशारा पातळीच्या आसपास आलं की चित्रदुर्ग मठात हलवतात. त्यावर दरवर्षी वाद होत नाही, कारण ते लोकांच्या आणि कार्यालयाच्या दोघांच्याही अंगवळणी पडलंय. प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळकडच्या गावांत हेच व्हायला पाहिजे, पण तिथं माणूस आपल्या आठवणीवर भिस्त ठेवतो. २०१९ साली घराघरांत एकच वाक्य ऐकलं: "२००५ ला आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं." अशी घरं त्या वर्षी माळ्यावर आणि छतावर अडकली. २०२१ ला मग "१९ ला एवढं आलं होतं" हा नवा उंबरा तयार झाला. लोकांच्या आठवणीतल्या खुणेविरुद्ध, पाऊस थांबलेला आणि ऊन पडलेलं असताना "आज संध्याकाळच्या आत निघा" हे सांगायला हिंमत लागते. पाणी ठरल्याएवढं आलं नाही तर शिव्या खायलाही प्रमुखानंच तयार असावं लागतं. हे काम खालच्या माणसावर ढकलता येत नाही. तलाठ्यानं सांगितलं तर गाव ऐकत नाही आणि ऐकलं तरी दुसऱ्या दिवशी तलाठ्याचीच तक्रार होते.

दुसरं, प्रमुखानं जागा सोडायची नसते. माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट सांगतो, कार्यालय आणि साहेब दोन्ही बिननावाचे राहू देत. एका पुरात आमचे कमांडर उत्साहानं स्वतः बोटीत बसले. माणूस भला होता, लोकांना धीर देत होता, फोटोही छान आले. पण तासाभरानं मोबाईलची रेंज गेली. मागे दोन गावांतून बोट मागत होते, बोट एकच, आणि कुठं पाठवायची हे ठरवणारा माणूस पाण्यात. शेवटी एका नायब तहसीलदारानं आपल्या जबाबदारीवर निर्णय घेतला आणि तो बरोबर ठरला, म्हणून आज हसत सांगतोय. चुकला असता तर त्या बिचाऱ्याची चौकशी लागली असती. साहेब निघणारच असतील तर निघण्याआधी मागे कोण निर्णय घेणार त्याचं नाव नोंदवहीत आणि त्यावर त्यांची सही, एवढं करून घ्या. रागावतील. रागावू द्यात.

तिसरं म्हणजे झोप. २०१९ चा पूर एका रात्रीत उतरला नाही, महामार्ग कित्येक दिवस बंद होता. पहिले दोन दिवस सगळे जागतात, तिसऱ्या दिवशी चुका सुरू होतात. बारा तासांची पाळी आणि प्रत्येक जागेला बदली माणूस, प्रमुखालासुद्धा. पाळी बदलताना तोंडी सांगून उठायचं नाही. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय अर्धवट आहे, कुणाला शब्द दिलाय, आणि कुणाच्या फोनची वाट बघतोय.

आता तुमची बाजू, म्हणजे हाताखालच्यांची.

आपल्याकडे सगळ्यांना कार्यवाहीत जायचं असतं, कारण तिथं बोट असते आणि लाइफ जॅकेट असतं. नियोजनाच्या खुर्चीत बसायला कुणी राजी नसतं, म्हणून तिथं बहुधा आजारी किंवा निवृत्तीला आलेला माणूस बसवतात. तुम्हाला पर्याय मिळाला तर तीच खुर्ची मागून घ्या. कोल्हापूरच्या पुरात बुद्धी लागते ती तिथंच. वरून राधानगरी, तुळशी, कासारी, कुंभी यांचं पाणी येतंय, गगनबावड्याकडं पाऊस कोसळतोय, हे अर्धंच चित्र. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब भरलेली असेल तर पंचगंगेला पुढं वाटच मिळत नाही, ती मागं फुगते. त्यालाच आपण फूग म्हणतो. कृष्णेत कोयनेचं पाणी, वारणेतून चांदोलीचं, आणि पुढं कर्नाटकात आलमट्टी. म्हणजे कोल्हापुरात पाऊस उघडला तरी पाणी उतरेलच असं नाही, आणि नियोजनवाल्यानं साहेबांना हे न विचारता सांगायचं असतं. वाईट आकडा वर जायला उशीर झाला की त्याची किंमत गावं मोजतात. म्हणून साहेबांचा चेहरा बघून आकडा मऊ करायचा नाही. "वाढतंय" असं मोघम सांगू नका. "गेल्या तीन तासांत इतके इंच वाढलं, वरचा विसर्ग इतका झाला, याच गतीनं पहाटे अमुक गावाचा रस्ता जाईल," असं सांगा. पुढच्या बारा तासांचं एक पान, त्यात कोण, कुठं, काय करणार. ते पान रोज दोनदा बदललं म्हणजे नियोजन चाललंय असं समजायचं.

रसदेची एक कोल्हापुरी गोष्ट बाहेरच्या अधिकाऱ्यांना पहिल्या वर्षी कळतच नाही. शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गावर पाणी आलं की जिल्हा दोन तुकड्यांत पडतो. २०१९ ला पडला, २०२१ लाही पडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची जवळची बटालियन पुण्याकडं. त्यांच्या गाड्या याच रस्त्यानं येणार आणि डिझेलचे टँकरही याच रस्त्यानं. म्हणून बोट, डिझेल, औषधं, चारा आणि निर्णय घेऊ शकणारा एक अधिकारी हे सगळं नदीच्या दोन्ही काठांना आधीच असलं पाहिजे. पूर आल्यावर मागवू म्हणणाऱ्यानं नकाशा बघितलेला नसतो. साखर कारखान्यांचे ट्रॅक्टर, खासगी बोटी आणि मंगल कार्यालयं कलम ६५ खाली ताब्यात घेता येतात. पण माझ्या अनुभवात मे महिन्यात मालकाच्या घरी जाऊन चहा घेतलेला असला की कलम काढायची वेळ क्वचितच येते.

आणि जनावरं! यावर तक्त्यात एक ओळ नाही. आपल्या गावात माणूस म्हशीला दावणीला सोडून निघत नाही, आणि त्याला मूर्ख म्हणणाऱ्यानं घरातल्या दुधाचा हिशेब कधी केलेला नसतो. माणसांना हलवायचा आदेश आणि जनावरांच्या छावणीची जागा एकाच वेळी जाहीर झाली तर गाव दुपारीच निघतं. छावणी ठरली नसेल तर बायका-पोरं निघतात आणि कर्ते पुरुष मागं थांबतात. रात्री बोट पाठवावी लागते ती त्यांच्यासाठी. म्हणून पशुसंवर्धनचा माणूस बैठकीत शेवटच्या रांगेत बसवू नका.

सुरक्षितता अधिकारी ही जागा मी बऱ्याच ठिकाणी रिकामीच पाहिली. कुणाचं तरी नाव लिहायचं म्हणून लिहिलेलं असतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसं गेली. त्या दिवसापासून मी एकच सांगत आलो: या माणसाला बोट थांबवायचा अधिकार असला पाहिजे, समोर आमदार बसलेले असोत नाहीतर स्वतः कमांडर. क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त असेल तर बोट सुटणार नाही. लोक ओरडतील, काठावरची म्हातारी रडेल, तरी सुटणार नाही. हे करायला जाड कातडीचा माणूस निवडा. आमच्याकडं एक निवृत्त सुभेदार होते, त्यांच्यासमोर कुणाचं काही चालायचं नाही.

माहिती अधिकाऱ्याबद्दल एवढंच की बोलणारं तोंड एक आणि वेळ ठरलेली. दर पुरात धरण फुटल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरते, आणि ती फिरते ती आपण गप्प बसलो त्या तासात. सांगण्यासारखं काही नसलं तरी ठरल्या वेळी "बदल नाही" एवढं तरी सांगा. संपर्क अधिकाऱ्याला व्हाईट आर्मीसारख्या संस्था, आपदा मित्र म्हणजे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, तालमी आणि तरुण मंडळं यांच्याशी बोलायचं असतं. कोल्हापुरात मदतीला माणसं कमी पडत नाहीत. पाचशे पोरं एकाच काठावर येऊन थांबतात, ही खरी अडचण. त्यांना कामाची चिठ्ठी द्या: कुठं, किती वाजेपर्यंत, कुणाच्या हाताखाली.

पोलीस आणि अंतर्गत सुरक्षेचं विचारलंत. पुरात पोलीस हे कार्यवाही विभागातलं एक अंग असतात: बंदोबस्त, वाहतूक, रिकाम्या घरांवर गस्त, आणि शिवाजी पुलावर पूर बघायला येणाऱ्या गर्दीला मागं सारणं. पूर बघायला जाणं हा आपल्या शहराचा छंदच आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल. गरज पडली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली बंदी घालता येते, तेच पूर्वीचं १४४.

पण नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळ बेवारस बॅग सापडली किंवा चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर चेंगराचेंगरीची चिन्हं दिसली, की पाटी फिरते. तिथं आदेश पोलिसांचा आणि आपण त्यांच्या हाताखाली. बॅगेजवळ कुणी जायचं नाही, मोबाईल-वायरलेस तिच्या जवळ वापरायचा नाही, आणि गर्दी जिथं हलवायची ती जागाही आधी तपासून घ्यायची, कारण दुसरी वस्तू तिथंच ठेवलेली असू शकते. हे सगळं बॉम्बशोधक पथक सांगेल आणि आपण ऐकायचं. आपलं काम मागचं: सीपीआर रुग्णालयाला सूचना, रुग्णवाहिकांची वाट मोकळी, नातेवाइकांसाठी एक टेबल आणि तिथं खरी यादी. नियोजन, रसद, माहिती या खुर्च्या दोन्ही प्रसंगांत त्याच राहतात, फक्त वरची खुर्ची बदलते. काही अधिकाऱ्यांना हे जड जातं. महसुलातला माणूस पोलिसांच्या आदेशाखाली दोन तास काम करायला कुरकुरतो आणि पोलीस पुरात तहसीलदाराच्या. म्हणून वर्षातून एकदा तरी दोन्ही प्रकारची रंगीत तालीम घ्या, आणि तीत कमांडर बदलून घ्या.

हद्दींमुळं आणखी एक गाठ पडते. महसुलाच्या हिशेबात आपण पुणे विभागात, विभागीय आयुक्त पुण्यात बसतात. पोलिसांचं परिक्षेत्र मात्र कोल्हापूरचं, आणि त्यात सांगली, सातारा, शिवाय सोलापूर व पुण्याचा ग्रामीण भागही येतो. नदीला यातली एकही हद्द माहीत नाही. शिरोळ तालुक्यातलं पाणी सांगलीच्या पाण्याशी बोलतं आणि पुढं बेळगाव जिल्ह्याच्या. पलीकडच्या जिल्ह्यातल्या तुमच्याच पदावरच्या माणसाचा नंबर आणि त्याच्याशी जूनमध्ये झालेलं एखादं साधं बोलणं, हे मंत्रालयातून येणाऱ्या पत्रापेक्षा लवकर पोचतं.

तुम्ही काय शिकावं? पहिलं म्हणजे अधिनियमाची कलमं ३०, ३३, ३४, ५० आणि ६५ समजून घ्या, पाठ नकोत. मग तालुक्यातल्या प्रत्येक पूरग्रस्त गावाचं एक पान करा: किती फुटांना पहिला रस्ता जातो, अंथरुणाला खिळलेली माणसं किती, गरोदर बाया किती, जनावरं किती, पोलीस पाटलाचा नंबर आणि तो लागला नाही तर दुसरा कुणाचा. ही पानं कार्यालयात बसून भरू नका, तलाठी, ग्रामसेवक आणि आशाताईंबरोबर गावात फिरून भरा. पानाचा एक छापील संच नदीच्या पलीकडच्या काठावर ठेवा, कारण वीज गेली की संगणक गेला.

प्रशिक्षणासाठी पुण्यात यशदा या सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेचं आपत्ती व्यवस्थापन केंद्र आहे. तिथं घटना प्रतिसाद प्रणालीचा वर्ग निघाला की अर्ज कार्यालयामार्फतच करावा लागतो. साहेबांची सही एप्रिलमध्येच घेऊन ठेवा. जूननंतर ते जागेवर सापडत नाहीत, आणि सापडले तर पाणी किती झालं एवढंच विचारतात.